एक तास पन्नास मिनिटं

९ ऑगस्ट २०२१, सोमवार

कोरोनाची विमानबंदी पुन्हा वाढवली! भारतातून कॅनडाला थेट विमान आता २१ सप्टेंबरपर्यंत नाही. राहेलचं तिकीट तिसऱ्यांदा रद्द. आणि टोरांटोला आमच्या जॉयसला डॉक्टरांनी बाळाची तारीख दिली आहे, तीही २१ सप्टेंबरच.

सांगितलं तेव्हा राहेल मेथी निवडत होती. "बरं," म्हणाली. एवढंच. मग निवडून ठेवलेली जुडी परत निवडायला घेतली.

शिरूर तालुक्यातली किती बाळं हिच्या हातावर जगात आली! बत्तीस वर्षं सिस्टर होती. रस्त्यात कुणीही थांबवतं — सिस्टर, हा बघा तुमचा पोरगा, दहावीला आहे. आणि पोटच्या पोरीपाशी जाता येत नाही.

१० ऑगस्ट

दिवाणाखालची निळी बॅग आज ओढून बाहेर काढली. पुसली. परत आत सरकवली. राहेलनं बघितलं.

ही बॅग मागच्या वर्षी एप्रिलपासून भरलेली आहे. तेव्हा सगळंच बंद होतं. जॉयसचं पहिलं बाळ पोटातच गेलं. आठवा महिना. दवाखान्यात कुणालाच आत सोडत नव्हते — जावई डॅनी बाहेर गाडीत बसून होता. ती आत एकटी. आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. फोनवर ती रडली नाही. "मम्मी, हात धरायला कुणी नव्हतं गं," एवढं म्हणाली.

ते वाक्य या घरात अजून आहे. आम्ही दोघं त्याला वळसा घालून जातो.

१२ ऑगस्ट

जॉयस म्हणते, मार्ग आहे. तिसऱ्या देशात जायचं, तिथे कोरोनाची टेस्ट करायची, तिथून पुढे कॅनडा. टेस्ट पुढच्या विमानाच्या आधी बहात्तर तासांच्या आतली हवी. लोक मालदीववरून जातात म्हणे. राहेलकडे व्हिसा आहे, परवानगीचं पत्रही आलं आहे.

मी नाही जाऊ शकत. मी दौंडला कोव्हॅक्सिन घेतली, ती तिकडच्या यादीत नाही. गेलो तर चौदा दिवस वेगळं कोंडून घ्यायचं, आणि घरात तान्हं बाळ. राहेलची कोविशील्ड. म्हणून ती एकटी.

साठ वर्षांची बाई, गुडघा धरलेला, एकटी तीन देश ओलांडणार! ठीक आहे. चौतीस वर्षं रेल्वेत गार्ड होतो मी. गाड्यांना गाड्या जुळवणं कुणी मला शिकवायचं नाही.

१६ ऑगस्ट

दिवसभर वेळापत्रक. जुन्या कोऱ्या नोंदवहीत रकाने आखले — सुटणे, पोचणे, थांबा, उशीर, उशिराचं कारण. हात अजून सरळ चालतो.

मुंबई ते माले. मालेला चार रात्री, टेस्ट. तिथून इस्तंबूल. इस्तंबूलहून टोरांटो.

मालदीव! राहेलला फोटो दाखवले. निळं पाणी, नवी जोडपी. म्हणाली, "लग्न झाल्यावर तुम्ही मला कुठं नेलं होतं? कुर्डुवाडीला, तुमच्या आत्याकडं. आता मधुचंद्राला एकटीच जाते." खूप दिवसांनी हसली. मला तिचं हसणं बघून इतकं बरं वाटलं की चहा मी केला.

१९ ऑगस्ट

शिरूर स्टँडजवळ तेजश्रीच्या दुकानात गेलो. कवठे येमाईची पोरगी, पुण्याला तिकिटांच्या ऑफिसात होती, लॉकडाऊनमध्ये काम गेलं, आता इथे फॉर्म भरून देते. हुशार आहे. पण वाद घालते!

मालेपासून टोरांटोपर्यंत एकाच तिकिटावर जायचं तर मध्ये एकवीस तास बसून राहायचं. कशासाठी? मी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची विमानं जुळवली. इस्तंबूलला पोचणे १३.१०, सुटणे १५.००. मध्ये एक तास पन्नास मिनिटं. सुरेख मेळ!

तेजश्री म्हणाली, "आबा, ही दोन येगळी तिकिटं हायेत. पयलं लेट झालं तर दुसरं थांबत न्हाई. बॅग बी पुढं जात न्हाई आपोआप."

मी म्हटलं, पोरी, मुंबईची गाडी लेट असली की दौंडला बारामती पॅसेंजर थांबायची. मी स्वतः थांबवली आहे. कनेक्शन कशाला म्हणतात मग?

"ते रेल्वेचं झालं, आबा."

"काढ तिकीट."

काढलं. जाताना म्हणाली, "काकूंच्या फोनवर परदेशी रोमिंगचा पॅक टाकून देते, मोठा. न्हाई म्हणू नका." त्याला नाही म्हटलं नाही.

२० ऑगस्ट

तिकीट दाखवून राहेलला पुन्हा आमच्या पहिल्या भेटीची गोष्ट सांगितली. तिला पाठ आहे, तरी ऐकते. १९८५. नवीन नोकरीला बारामतीला निघाली होती. न्हावऱ्याच्या पुढे एसटी बंद पडली. दौंडला बारामतीची छोटी गाडी सुटायची वेळ झाली, आणि पुलावरून एक मुलगी पत्र्याची पेटी घेऊन पळत येते आहे. मी हिरवा बावटा दाखवलाच नाही, खाली धरून ठेवला. तीन मिनिटं! नोंदवहीत उशिराचं कारण लिहायचं असतं. लिहिलं — सिग्नल नीट दिसला नाही. नोकरीत लिहिलेलं एकमेव खोटं.

राहेल म्हणते, "चुकली असती ती गाडी तर सुटले असते मी." छत्तीस वर्षं हेच म्हणते.

२९ ऑगस्ट, रविवार

चर्च बंदच. घरीच प्रार्थना. राहेलनं मोठ्यानं फक्त जॉयसचं नाव घेतलं, पुढचं मनात.

दुपारी शेजारच्या सोजरबाई डिंकाचे लाडू घेऊन आल्या. "लेकीला म्हणावं, आमच्या हातचं हाय. रोज एक." बॅग पुन्हा उघडली. अळीव, बाळंतशेप, जुन्या पातळांची दुपटी. तळाशी मागच्या वर्षीची कुंची निघाली, पिवळी, राहेलनं शिवलेली. मी म्हटलं, ही राहू दे. ती म्हणाली, "नाही. त्याची होती. आता धाकट्याला नाहीतर धाकटीला."

तिच्यासमोर रडलो नाही. गोठ्याकडे — गोठा कसला, आता तिथे मोटारसायकल असते — तिकडे गेलो.

३ सप्टेंबर, शुक्रवार

मुंबई. आत प्रवाशालाच सोडतात. काचेच्या दाराबाहेर उभा राहिलो. ती मागे वळली तेव्हा खिशातून जुना हिरवा बावटा काढला आणि दाखवला. फोन आला लगेच — "लोकं बघत्यात! ठेवा ते खिशात." आवाज भिजलेला होता.

गार्ड शेवटच्या डब्यात असतो. आयुष्यभर मी गाडीबरोबर गेलो. फलाटावर मागे राहायची वेळ आज पहिल्यांदा आली.

४ सप्टेंबर

एकट्यापुरतं पिठलं करायला जमत नाही. चौघांचं झालं.

५ सप्टेंबर

राहेलचा फोटो. समुद्रासमोर खुर्चीत, नऊवारी नेसलेली, पायात मोजे. खाली लिहिलंय — इथे माझ्याशिवाय सगळ्यांचं नवीन लग्न झालंय.

संध्याकाळी टेस्टसाठी नाकात काडी घातली. "टेस्ट घेणाऱ्या पोराला नीट घालता येत नव्हती, मीच हात धरून शिकवलं."

घर फार मोठं झालं आहे. तिची चप्पल दाराशी आहे ती आत ठेवली नाही.

६ सप्टेंबर

निगेटिव्ह! जॉयसला व्हिडिओ फोन केला. पोट हातात धरून उभी होती. डॅनी ट्रक घेऊन पश्चिमेकडे गेला आहे, आठवड्यानं येईल, तारखेच्या बरंच आधी. "पप्पा, उद्या रात्री मम्मी येणार," असं दोनदा म्हणाली. लहानपणी जत्रेला जायच्या आदल्या दिवशी असंच म्हणायची. मला तिथे असावंसं वाटलं, नुसतं दारात उभं राहायला तरी.

७ सप्टेंबर, मंगळवार

मालेहून विमान पंचेचाळीस मिनिटं उशिरा सुटलं. हरकत नाही. मेळ पुरेसा आहे.

७ सप्टेंबर, संध्याकाळी सहा

हुकलं.

राहेल इस्तंबूलला उतरली तेव्हा पुढच्या विमानाला एक तास पाच मिनिटं होती. बॅग पहिल्या कंपनीकडे. ती घ्यायला बाहेर जावं लागतं, आणि बाहेर जायचा व्हिसा नाही. दुसरी कंपनी म्हणते, तुमच्या पहिल्या विमानाशी आमचा काय संबंध? गुडघा घेऊन या टोकापासून त्या टोकाला गेली. तोवर चेक-इनची खिडकी बंद झाली होती.

मी इथून कंपनीला फोन लावला. वीस मिनिटं संगीत. मग एक मुलगी. म्हटलं, मॅडम, वयस्कर बाई आहे, समोर दिसते आहे तुमच्या लोकांना, दहा मिनिटं थांबवा. ती म्हणाली, "सर, फ्लाइट किसी के लिए नहीं रुकती." नम्रपणे म्हणाली. मी तिला दौंड सांगायला लागलो! बारामती पॅसेंजर सांगायला लागलो! तिनं ऐकून घेतलं बिचारीनं.

आता उद्या त्याच वेळेचं विमान. तेजश्रीनं दुकानातूनच जागा करून दिली, बॅगेचंही बघते म्हणाली. "मी म्हटलं होतं" असं एकदाही म्हणाली नाही. ती म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. टेस्टला तोवर सत्तर तास होतात. दोन तास हातात.

राहेल रागावली नाही. "बसते इथंच. तुम्ही जेवा."

नोंदवहीत लिहिलं. उशीर — चोवीस तास. कारण — गार्डाची चूक.

७ सप्टेंबर, साडेआठ

जॉयसचा मेसेज साडेसहाला आलेला, मी आत्ता बघितला. "पप्पा, कळा सुरू झाल्या. हॉस्पिटलला निघालेय. डॅनी विनिपेगच्या पलीकडे, दोन दिवस लागतील. मम्मीचं विमान कुठवर आलं?"

दोन आठवडे आधी! आणि विमान हुकल्याचं तिला अजून माहीत नाही. माहीत असलं तर कुणी सांगितलं?

तिला फोन — व्यस्त. राहेलला फोन — व्यस्त. परत. परत. व्यस्त, व्यस्त.

विमान मिळालं असतं तर राहेल आपल्या सकाळपर्यंत तिच्यापाशी असती. माझ्या अकलेनं मी पोरीला पुन्हा एकटीला आत पाठवलं. हात धरायला कुणी नाही. मी चौतीस वर्षं परक्यांसाठी गाड्या थांबवल्या, आणि — परमेश्वरा, मला क्षमा नको, तिला फक्त सुखरूप ठेव.

फोन अजून व्यस्त.

८ सप्टेंबर, सकाळी

मुलगी! आपल्याकडे पहाटे तीन वीस. दोघी सुखरूप.

फोन व्यस्त होते, कारण त्या एकमेकींशी बोलत होत्या. विमान हुकल्याचं सांगायला राहेलनं फोन लावला, तो मग ठेवलाच नाही. जवळजवळ नऊ तास! राहेल विमानतळावर चार्जिंगच्या खांबाला टेकून जमिनीवर बसलेली, आणि तिकडे नर्सनं फोन जॉयसच्या उशाशी उभा करून ठेवलेला. "आता जोर नको लावू, बाळा. श्वास घे. आता लाव." पहिलं रडणं दोघींनी बरोबरच ऐकलं.

जॉयस म्हणाली, "पप्पा, मम्मी होती. सगळा वेळ होती."

मग मी वेळ मांडून पाहिली. हुकलेलं विमान आपल्या साडेपाचला सुटलं, सव्वाचारला उतरलं. पावणेअकरा तास हवेत. फोन बंद. आणि बाळ आलं ते त्याच वेळात.

वहीतलं "गार्डाची चूक" खोडत नाही. चूक ती चूक. पण त्याच रकान्यात खाली, छत्तीस वर्षांनी, पुन्हा लिहिलं — सिग्नल नीट दिसला नाही.