ओढ्यापलीकडचा बार

केंटकी, ऑक्टोबर १८४३

आईस लेमुएलचा नमस्कार.

मी आणि जेथ्रो दाजी इथे शिकारीच्या तळावर खुशाल आहोत. रोज खारीचा रस्सा आणि मक्याची भाकरी असते. तुझा गुडघा कसा आहे?

काल सकाळी एक खार मारली. पुन्हा बंदुकीच्या नळीत दारू ओतून गोळी ठासत होतो, तेवढ्यात ओढ्यापलीकडून बार ऐकू आला. मग गजानं गोळी ठासल्याचा आवाज, सावकाश दोनदा आणि जोरात एकदा. बाबा ठासायचे तसा.

पलीकडे अक्रोडाखाली खार पडली होती. अंगावर जखम नाही. गोळी ती बसली होती त्या फांदीच्या सालीत, नेमकी तिच्या पोटाखाली घुसली होती, नुसत्या धक्क्यानं ती मेली. आपल्या खोऱ्यात हे बाबांनाच जमायचं. धूर अजून रेंगाळत होता, पण ओल्या मातीत पाऊल एकही नव्हतं.

दाजी म्हणाले, "सासरेबुवांनी मारली असेल तर मऊ शिजेल. उचल." जेवताना मात्र त्यांनी ताट बाजूला सारलं.

बाबांना पुरल्यावर त्यांची बंदूक मीच पुसून घरी दारावर टांगली होती. नळीच्या तोंडात बोट घालून बघ. बोट स्वच्छ निघालं तर लगेच कळव. दारूच्या काजळीनं काळं झालं तर काही लिहू नकोस.

तुझा,
लेम