गोदाची मान

पाथर्डी फाटा, नाशिक
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

ती. आई,

पाया पडते. तुमचे गुडघे कसे आहेत? थंडी पडली की दुखतात म्हणून विचारते. विंचूरला इथल्यापेक्षा जास्तच गार असेल. भाऊजींचा लाल कांदा निघाला का? आम्ही इकडे बरे आहोत.

पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. पण फोनवर तुम्ही "बरं हाय, ठेवते" म्हणता आणि ठेवून देता. सार्थक तर तुमचा नंबर लावतो आणि रिंग गेली की कट करतो. मी पाहिलंय. म्हणून शेवटी लिहायला बसले. चष्मा लावून, तुम्ही पेपर वाचता तसं सावकाश वाचा. अक्षर मुद्दाम मोठं काढतेय.

दुपारचे तीन वाजलेत. गोदा सार्थकच्या छातीवर पालथी झोपलीय, तोही झोपलाय. भांडी तशीच पडलीत. पडू देत.

तिला खालचे दोन दात आलेत. नाचणीची पेज खाते. गिळायला फार वेळ लावते, अर्धी बाहेर येते, पण खाते. कपाळ अगदी तुमचं घेतलंय, हे आता माझी आईसुद्धा म्हणते.

आई, तुम्ही गेल्यापासूनचं सांगायचंय. वहिनींकडून काही कळलं असेल, पण त्यांना आम्ही सांगितलं तेवढंच कळलं. आणि आम्ही सगळं सांगितलेलं नाही.

"पोरीची मान कलती राहती, तुम्हाला दिसत नाय का?" हे पहिल्यांदा तुम्ही म्हणालात. तेव्हा आम्ही दोघंही म्हटलं, होईल हळूहळू. मग सोसायटीतल्या तिच्या बरोबरीच्या मुली बसायला लागल्या आणि आपली अजून मानच धरत नव्हती. सार्थकच्या कंपनीतल्या कुणीतरी कॉलेज रोडच्या त्या कायरोप्रॅक्टरचं नाव सुचवलं. मणके हातानं दाबून जागेवर बसवतात, औषध नाही, सुई नाही, बाहेरदेशी शिकून आलेत. सार्थकला ते पटलं. मलाही पटलं, खरं तर. औषध नाही म्हटल्यावर आजार लहानच असणार, असं वाटलं.

पहिल्या दिवशी त्यांनी गोदाला मांडीवर घेतलं आणि तिच्या मानेवरून एक बोट फिरवलं. म्हणाले, "वरचा मणका किंचित सरकलाय. जन्माच्या वेळी झालं असेल, नाहीतर मालिशीत. घरी मालिश कोण करतं?"

सार्थक म्हणाला, "माझी आई."

ते नुसतं "हं" म्हणाले. पण त्या "हं"चं सार्थकनं घरी येईपर्यंत काय करून ठेवलं, ते तुम्हाला माहीत आहे. गाडीत मी त्याला म्हणत होते, आईंना असं काही बोलू नकोस, त्यांनी तुला, भाऊजींना, गावातल्या किती पोरांना न्हाऊ घातलंय. तो ऐकत होता असं मला वाटलं. आणि दारातून आत आल्या आल्या तो म्हणाला, "आई, उद्यापासून तू तिला हात लावू नकोस."

तुम्ही तेलाची वाटी घासून पालथी घातलीत. सकाळी मी उठले तर तुमची पिशवी दाराशी होती. पोळा चार दिवसांवर आला होता. मी म्हटलं, सण होऊ द्या. तुम्ही म्हणालात, "घरच्या बैलांना कोण बघणार?" भाऊजींनी बैल कधीच विकलेत, हे आपल्या दोघींनाही माहीत होतं.

त्यानंतर आठवड्यातून तीनदा कॉलेज रोड. ते गृहस्थ वाईट नव्हते, हे मला लिहायलाच पाहिजे. गोदाशी गोड बोलायचे. त्यांचे हात गरम असायचे, ती त्यांच्या हातात शांत व्हायची, येताना गाडीत झोपायची. झोपली की आम्हाला वाटायचं, गुण येतोय. आणि आई, तिथे एक मोठी खुर्ची होती. तो अर्धा तास मूल दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असायचं आणि मी त्या खुर्चीत डोळे मिटून बसायचे. मणका बसतोय की नाही याचा मी विचारसुद्धा करत नव्हते. फक्त बसायला मिळायचं. मी तिथे इतके दिवस जात राहिले त्याचं अर्धं कारण ती खुर्ची होती, हे मी सार्थकलाही सांगितलेलं नाही.

सार्थक रोज तिचे व्हिडिओ काढायचा. घरच्या ग्रुपवर टाकायचा, तुम्ही पाहिले असतील. दसऱ्याच्या सुमारास ती एकदम मान हलवायला लागली. पुढे झुकवायची, दोन्ही हात पसरायची, परत तसंच, परत तसंच. सार्थकला इतका आनंद झाला की त्यानं ऑफिसात पेढे नेले. कॉलेज रोडच्या सरांना व्हिडिओ दाखवला, ते म्हणाले, "छान! शरीर मोकळं होतंय, असं होतं."

मला काहीतरी खटकत होतं. ती हात पसरायची तेव्हा चेहरा हसरा नसायचा. डोळे कुठेतरी लागलेले असायचे, आणि झालं की किरकिरायची. दोन दिवस मी गप्प राहिले, कारण सार्थक कितीतरी दिवसांनी नीट जेवत होता. मग गोवराच्या लशीसाठी आपल्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे नेलं, तेव्हा मी मोबाईल काढून त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, "डॉक्टर, हे जरा बघता का?"

त्यांनी एकदा पाहिलं. परत पाहिलं. मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "लस राहू द्या. आत्ता, इथूनच मोठ्या दवाखान्यात जा. मी फोन करतो."

दिवाळीच्या आधी तिला ॲडमिट केलं तेव्हा भाऊजींना आम्ही ताप म्हणून सांगितलं. ताप नव्हता, आई. त्या फिट्स होत्या. लहान बाळांना येतात त्या अशाच दिसतात, मान झुकवल्यासारख्या, हात पसरल्यासारख्या. ज्याचे आम्ही व्हिडिओ काढत होतो, ज्याचे पेढे वाटले, ते हे होतं. सार्थकनं दवाखान्याच्या जिन्यात बसून ते सगळे व्हिडिओ एकेक करून पुसले. मी त्याच्याशेजारी बसले होते.

औषधानं फिट्स थांबल्या. मग डोक्याचा एमआरआय झाला. तिथल्या मेंदूच्या डॉक्टर बाई आहेत, त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. गोदा जन्मली तेव्हा रडली नव्हती, आठवतं ना? काचेच्या पेटीत ठेवली होती. नंतर बरी दिसली, घरी आली, बारसं झालं, आपण सगळे ते विसरून गेलो. त्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला. मान त्यामुळे धरत नाही. मणका कधी सरकलाच नव्हता.

मी विचारलं, "आणि मालिश?" बाई म्हणाल्या, "मालिशीनं असं होत नाही. कुणाच्याच हातानं झालेलं नाही हे."

सार्थकनं परत तेच विचारलं, जसं काही बाईंनी दुसरं काहीतरी उत्तर द्यावं. त्यांनी परत तेच सांगितलं. तिथून आल्यापासून तो ओझरहून ड्यूटी संपवून येतो, आणि खाली पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहतो. मी गॅलरीतून बघते. कधी हाक मारते, कधी नाही मारत.

त्या कॉलेज रोडच्या सरांचा फोन आला होता, का येत नाही म्हणून. मी सांगितलं काय निघालं ते. ते म्हणाले, "मला इतक्या लहान बाळांमधलं ते ओळखता आलं नाही." तुम्हाला वाटेल मी भांडले असेन. नाही भांडले. भांडायलाही अंगात काही उरावं लागतं. "ठीक आहे" म्हटलं आणि पेजेचं पातेलं उतरवलं.

पुढचं कुणी नक्की सांगत नाही. उशिरा बसेल. चालेल कदाचित, कदाचित आधार लागेल. बोलण्याचं आत्ताच कळणार नाही. मी हे इतक्या वेळा इतक्या लोकांना सांगितलंय की आता दुसऱ्याच्या मुलीबद्दल सांगावं तसं सांगते. तुम्हाला लिहिताना मात्र हात थांबतोय.

शाळेतली माझी रजा वाढवलीय. रोज सकाळी गोदाला थेरपीला नेते. तिथे संजना मॅडम आहेत, त्या व्यायाम शिकवतात. गोदा कुणीही उचललं की अंग ताठ करते, माझ्याकडेसुद्धा. परवा त्यांनी विचारलं, "घरात असं कुणी आहे का, ज्यांच्या मांडीवर ही सैल पडते?" सार्थक त्या दिवशी बरोबर होता. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "माझी आई." एवढं बोलून पाणी प्यायला म्हणून बाहेर गेला, आणि बराच वेळ आला नाही.

घरी आल्यावर मी म्हटलं, घेऊन ये त्यांना. तो म्हणाला, "कोणत्या तोंडानं जाऊ?" मी म्हटलं, जे आहे त्याच.

तर येत्या रविवारी तो विंचूरला येईल. उंबऱ्याशी उभा राहील आणि कांद्याचा भाव विचारेल, भाऊजींच्या ट्रॅक्टरचं विचारेल. मुद्द्यावर येणार नाही. तुम्ही त्याला सरळ रागवा, आई. मोठ्यानं रागवा. इथे आता कुणी कुणावर रागवत नाही. आम्ही दोघं एकमेकांशी दवाखान्याच्या व्हरांड्यात बोलावं तसं हळू बोलतो, आणि त्याचाच जास्त थकवा येतो.

यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. नात आजारी आहे म्हणून येऊ नका, लोक काय म्हणतील म्हणून तर मुळीच नको. तुमचं मन अजून दुखत असेल तर तसं त्याला सांगा, तो एकटा परत येईल आणि मी काही विचारणार नाही.

पण आलात तर एक सांगून ठेवते. तुम्ही गोदाला मांडीवर घेतलंत की मी आत जाऊन झोपणार आहे. चहाला उठवू नका. जेवायला उठवू नका. ती रडली तरी उठवू नका.

तुमची सून,
योगिनी