सतरा नंबरचा केना

४ ऑगस्ट, सोमवार
यादी लागली. कमवा-शिका योजनेत आठ जण घेतले, माझं नाव सातवं. वेटिंगवर अजून अकरा. रोज बारा ते तीन काम. म्हणजे या वर्षाची फी अन् रेल्वेचा पास आईच्या रोजावर राहणार नाही. नाव लागलं नसतं तर बी.ए. दुसऱ्या वर्षालाच थांबलं असतं, हे आईनं जूनमध्येच स्पष्ट सांगून ठेवलं होतं.

योजनेच्या सरांनी सगळ्यांना ओळीत उभं करून ऐकवलं, "एक तक्रार आली की नाव कट. मागे अकरा जण उभे आहेत."

बाकीच्यांना लायब्ररी, ऑफिस, जिमखाना. मला बॉटनीची बाग. फॉर्मात 'येत असलेली कामे' पुढे मी निंदण लिहिलं होतं, तण खुरपायचं काम. खरं लिहायची खोड. लायब्ररीत पंख्याखाली बसायचं होतं मला.

६ ऑगस्ट, बुधवार
बॉटनीच्या मॅडम रजेवर. सोमवारी येतील. बागेचे माळी गजूभाऊ, ते पण आज नव्हते, पाहुण्याच्या लग्नाला गेले म्हणे. सर येऊन म्हणाले, "शुक्रवारी बाहेरचे पाहुणे येणार. मागचा वाफा साफ कर."

मागचा वाफा पाहिला अन् लाजच वाटली. केना, तरोटा, आघाडा, पुनर्नवा, घोळ, सगळा गोतावळा. मध्ये मध्ये नंबरच्या काड्या उभ्या. कोणीतरी हौसेनं काही लावलं असेल अन् तणानं खाल्लं असेल. आमच्या आईच्या पातीत, तिच्या निंदायच्या ओळीत, असा वाफा दिसला असता तर तिनं मुकादमाच्या आधी मला हाणलं असतं.

दोन तासांत सगळा स्वच्छ. काड्या धुऊन एका जागी रचल्या. तण भिंतीपलीकडे फेकलं, ते गाईंनी खाल्लं. सातवीपासून निंदायला जाते, पण आजच्या इतका देखणा वाफा कधी झाला नव्हता. मस्टरवर सही केली, शेवटच्या अक्षराला शेपूट काढून.

७ ऑगस्ट, गुरुवार


गजूभाऊ आले. वाफ्याशी उभे राहिले. मला वाटलं शाबासकी देतील.
"पोरी, हे कोनं निंदलं?"
"मी."
"सारंच?"
"सारंच. काहून?"
"अवो बाई, ते तणच लावलं होतं मॅडमनं."

चोवीस रोपं होती. गावोगावच्या वावरातून आणलेली. तणनाशक मारूनही मरत नाही असं तण कुठं कुठं आहे, त्याचा अभ्यास. मॅडमची पीएच.डी. महिनाअखेर सगळ्यांवर फवारा मारून कोणतं जगतं ते पाहायचं होतं. शेडमध्ये यादी लटकलेली आहे, नंबर, नाव, गाव. मी शेडमध्ये डोकावलेच नव्हते.

तण कोणी लावतं का? लावतात. आता कळलं.

एक तक्रार आली की नाव कट.

९ ऑगस्ट, शनिवार
काल पाहुणे आले, पुढची झाडं पाहून चहा पिऊन गेले. मागच्या वाफ्याकडे कोणी आलंच नाही.

गजूभाऊ म्हणतात, "चूप राह्य. तरोटं ते तरोटं. मॅडमले काय समजते कुठलं हाय ते." मला पटलं. पटवून घेतलं.

उद्या रविवार. आमच्या गावी, जऊळक्याला, वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चोवीसच काय, चोवीसशे मिळतील.

१० ऑगस्ट, रविवार
पहाटेच धुऱ्यावर. मुळाशी मातीचा गोळा धरून रोपं काढली, ओल्या पोत्यात गुंडाळली. आई पाहत होती.
"तण कायले नेतं वं?"
"कॉलेजात लागते."
"कॉलेजात तण शिकवतेत?"
"हो."
आईनं अजून विचारलं नाही. खोटं बोलले नाही तसं पाहिलं तर. पण तसं पाहूच नये.

दुपारी कॉलेजला सुट्टी, गेट गजूभाऊंनी उघडलं. काड्यांची भोकं ओल्या मातीत होतीच. कोणत्या नंबरला काय, हे भाऊंना तोंडपाठ. चारला पुनर्नवा, नऊला घोळ, सतराला केना. त्यांनी सांगावं, मी लावावं. तीन वाजता वाफा पुन्हा तणानं भरला.

११ ऑगस्ट, सोमवार
मॅडम आल्या. वाफ्यापाशी थांबल्या.
"फारच कोमेजलीत."
भाऊ म्हणाले, "ऊन तापलं होतं चार दिवस."
मॅडम मला म्हणाल्या, "नवीन का तू? नाव काय?"
"सुजाता."
"काम चांगलं करतेस असं ऐकलं."
जीव नको झाला.

१६ ऑगस्ट, शनिवार
उंची मोजायचा दिवस. मॅडम मोजतात, सांगतात, मी वहीत लिहिते. मागच्या महिन्याचा आकडा शेजारच्याच रकान्यात. मी एकाखाली एक लिहीत गेले. सतरा नंबर: मागच्या वेळी एकतीस सेंटिमीटर, आज अकरा. चार नंबर: अठरा, आज सात. झाडं काय मागं वाढतात?

मॅडमनी मोजपट्टी गुंडाळली. मग गजूभाऊंना हाक मारली. "भिंतीकडेला तणनाशक मारलं होतं का तुम्ही?"
"नाई मॅडम."
"वाऱ्यानं उडून आलं असेल."
"मारलंच नाई त उडंल कसं?"
मॅडमना खरं वाटलं नाही. मी वही छातीशी धरून उभी. तोंड उघडलं नाही. चीड येते स्वतःची.

१९ ऑगस्ट, मंगळवार
मॅडमनी ऑफिसला पत्र दिलं, गजूभाऊंनी तणनाशक मारलं म्हणून. गजूभाऊ कंत्राटावर. एक तारखेपासून येऊ नका म्हणून सांगितलं त्यांना.

मी शेडमध्ये गेले. भाऊ पाइप गुंडाळत होते.
"भाऊ, मी सांगते मॅडमले."
"कायले?"
"तुमी काय केलं? काहीच नाई."
"मले दुसरं काम भेटंल. तुले दुसरं कॉलेज भेटंल का?"
वर पाहिलंच नाही त्यांनी. दोन पोरी आहेत त्यांना, धाकटी आठवीत. मला त्यांचा रागच आला. एवढं चांगलं असायचं काय अडलं होतं? थोडे वाईट असते तर त्यांनीच माझं नाव सांगितलं असतं अन् मी सुटले असते.

२० ऑगस्ट, बुधवार
सांगितलं नाही. मराठीच्या तासाला बसले, एक अक्षर डोक्यात गेलं नाही. मस्टरवर सही करताना पेन अडखळलं. भित्री आहे मी. बाकी सगळे शब्द उगाच.

२१ ऑगस्ट, गुरुवार
आईला सांगितलं. भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं. वाटलं फीचं विचारेल, नाव कटेल का विचारेल. तिनं विचारलं, "मुळासकट उपटलं होतं?"
"घाई होती. वरूनच खुरपलं काही."
"केन्याचं कांडं राह्यलं त केना पुन्हा येते. पुनर्नवाची मुळी खोल जाते, थे हातानं निघत नाई. अन् तू एका दिवसात वाफा साफ केला म्हनतं? थे निंदनच नाई झालं."

आईनं माझ्या निंदणाला नाव ठेवलं अन् मला पहिल्यांदा बरं वाटलं.

मग भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "त्या मानसाचं काम जाऊन राह्यलं अन् तू आतालोक गप हायस?"

२२ ऑगस्ट, शुक्रवार
बारा वाजता सरळ मागच्या वाफ्यात. गुडघ्यावर बसून एकेक नंबर पाहिला.

आई खरी निघाली. चारला माझ्या पुनर्नवाशेजारी जमिनीतून लालसर जाड कोंब. नऊला घोळ. अजून दोन ठिकाणी तसंच. अन् सतराला आता दोन केने. मॅडमचं तण परत आलंय, माझ्या तणाला खेटून.

पहिला विचार काय आला, तो पण लिहिते. माझी उपटून टाकावी, मॅडमची ठेवावी, कोणाला काय कळतं. हात पुढं गेला सुद्धा. पण चोवीसमधली पाचच परत आलीत, बाकी एकोणीस माझीच राहणार. अन् गजूभाऊंचं पत्र काही त्यानं मागं येत नाही.

पॅसेंजरमध्ये अर्ज लिहिला. पहिलं वाक्य 'सरांनी साफ करायला सांगितल्यामुळे' असं होतं. ते खोडलं. सरांनी साफ कर म्हटलं होतं, खोटं बोल म्हटलं नव्हतं.

२३ ऑगस्ट, शनिवार
दिला.

मॅडमनी दोनदा वाचला. "म्हणजे गजाननने फवारलं नाही."
"नाही."
"आणि आत्ता तिथं आहे ते तुझ्या गावचं."
"हो मॅडम. जऊळक्याचं."
"मी तुझ्या धुऱ्याची उंची मोजत होते."
रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग म्हणाल्या, दाखव. वाफ्यात गेलो. जुनं कोणतं, नवं कोणतं, मी सांगत गेले. चार ठिकाणी बोट ठेवून सांगितलं. मुळीवरून, कोंबावरून कळतं ते. मॅडम लिहीत होत्या. काम करणाऱ्या दोन बायका बोलाव्यात तसं बोलत होतो आम्ही थोडा वेळ.

सतराशी आलो. मॅडम उकिडव्या बसल्या. "हा शिरपूरकडचा. तीन फवारे खाऊन वावरात उभा होता. हा एक वाचला तरी माझं वर्ष वाचेल. यातला तो कोणता?"

दोन केने. पान तेच, कांडं तेच, उंची एकच. डावा जरा जाड वाटला. मॅडमची नजर पण डाव्यावरच होती. डावा म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं. त्यांना मानायचंच होतं. त्यांचं वर्ष वाचलं असतं, अन् वर्ष वाचवणारीचं नाव कोण कापतं?

"फवारून पाहिलं तर?" मी विचारलं.
"जगेल तो माझा, असं आधीच धरलं तर तपासायचं काय उरलं?"
तेही खरं.
"नाही सांगता येत, मॅडम."
"नीट बघ."
नीटच पाहिलं. बोटानं माती उकरून पाहिली. मुळं एकमेकांत गेलेली.
"नाही येत."

मॅडमनी उकरलेली माती परत मुळांवर ओढली. उठताना म्हणाल्या, "गजाननचं पत्र आज मागे घेते. तुझा अर्ज सरांकडे जाईल. त्यावर मी काय लिहायचं ते सोमवारी बघू."

२४ ऑगस्ट, रविवार
आईसोबत निंदायला गेले, सोयाबीनमध्ये. तिच्या शेजारची पात. तिनं माझी पात मागं वळून दोनदा तपासली. संध्याकाळी विचारलं, "नाव कटलं त?"
"त रोज येईन तुह्यासंगं."
"मले नाई पायजे तू माह्यासंगं," आई म्हणाली अन् झपाझप पुढं निघून गेली.

२५ ऑगस्ट, सोमवार
मस्टर सरांच्या टेबलावर होतं, सर नव्हते. माझ्या नावावर रेघ नाही. सही करावी की नाही कळेना. नाही केली. बागेत आले.

गजूभाऊ पुढच्या कुंड्यांना पाणी देत होते. कामावर राहिलेत. मला पाहून म्हणाले, "कोनं सांगतलं होतं तुले शहानपन?" अन् पाठ फिरवली. थोड्या वेळानं पाइप माझ्याकडे फेकला, मागचं मी करावं म्हणून.

सगळ्या वाफ्याला पाणी दिलं. सतराच्या दोघांना सारखंच.

तीन वाजून गेले. हे शेडच्या पायरीवर बसून लिहितेय. मॅडम अन् सर गेटपाशी उभे आहेत, अर्ज सरांच्या हातात. सर माझ्या दिशेनं बोट करून काहीतरी बोलताहेत. मॅडम मान हलवताहेत, हो म्हणताहेत की नाही ते इथून कळत नाही.

हाक आली. जाते.