मागून मारलेली हाक

आत्याबाई, तुमचा मला हेवा वाटायचा. तुम्हांला ते ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. ठाऊक असणारच. चुलीवरच्या दुधाची साय किती धरली हेही तुमच्या नजरेतून सुटत नव्हतं, मग सुनेचं पडलेलं तोंड कसं सुटेल? तुम्ही मळ्याच्या बांधावर उभ्या राहून लेकाला हाक मारायचात. नावातलं शेवटचं अक्षर लांबवर ओढायचं, जरा थांबायचं, मग 'रं' जोडायचं. उसाच्या पलीकडून, मोटेवरून, गुऱ्हाळाच्या धुरातून, जिथं असतील तिथून हे मान वर करायचे आणि हातातलं काम टाकून यायचे. मला नाव घ्यायची सोय नव्हती. माझ्या वाट्याला 'अहो', तेही हळू, तुम्ही आसपास नसताना. माझ्या 'अहो'ला तुमचे चिरंजीव पहिल्या हाकेत कधी वळले नाहीत. "आलो की," म्हणायचे आणि तिथंच बसायचे. मला दागिने नको होते, लुगडी नको होती. माझ्या हाकेला त्यांनी एकदा तसं वळावं, एवढंच हवं होतं. म्हणून लढाई संपल्यावर यांना आफ्रिकेतल्या रेल्वेच्या कारखान्यात तीन वर्षांसाठी फिटरची नोकरी लागली आणि बायकोला न्यायची परवानगी आली, तेव्हा गावातल्या बायका माझ्यासाठी डोळे पुसत होत्या आणि मी मनातल्या मनात लाडू वाटत होते. तीन वर्षं मध्ये समुद्र, तुमची हाक काही तिथवर पोचणार नव्हती.

पण तुम्ही कसल्या ऐकताय. गाडीला बैल जुंपले, माझी ओटी भरून झाली, ट्रंक चढली, गाडी वेशीपाशी आली आणि मागून तुमची हाक आली. सगळ्या आळीला ठाऊक आहे, निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये. बैलसुद्धा थांबले. तुम्ही पदर खोचून पळत आलात, हातात फडक्यात बांधलेली गुळाची ढेप. "ह्यो ऱ्हायला बघ तुजा गूळ. तिकडं कुठला मिळायचा तुला?" गूळ राहिला नव्हता, आत्याबाई. गूळ तुम्ही ठेवून घेतला होता. लेकाचं तोंड पुन्हा एकदा बघायला निमित्त पाहिजे म्हणून. मला ते तेव्हाच कळलं, कारण मी तुमच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. मामंजी म्हणाले, "मागनं हाक आली, आता तसं जाऊ नगा. घरात या, घटकाभर टेका, पानी पिऊन मग निघा." झालं. परत घरी, परत पाट, परत पाणी. हे तुमच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले, तुम्ही त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिलात, आणि मी दारात ओटी सावरत उभी. ताकारी स्टेशनाच्या अलीकडे पोचलो तेव्हा आमची गाडी आमच्या डोळ्यांदेखत धूर सोडत निघाली होती. यांना काही वाटलं नाही. "आईची हाक आली, काय करतीस," म्हणाले आणि फडकं सोडून गुळाचा खडा तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेलो. पुण्यात गाडी बदलताना हमालानं आमची ट्रंक दुसऱ्याच डब्यात चढवली, ती शोधण्यात यांचा जोडा फाटला. मुंबईच्या धक्क्यावर पोचलो तर बोटीवर माणसं चढायला लागली होती. तिथं पुरुषांची तपासणी एकीकडे, बायकांची दुसरीकडे. पासपोर्ट दोघांचा मिळून एकच, तो यांच्या खिशात. देवीची लस टोचल्याचा कागद तोही तिथंच. बायकांच्या बाजूला पांढऱ्या टोपीतली एक नर्स होती, बिचारी मराठी बोलायची. तिनं विचारलं, "नवऱ्याचं नाव काय?" मी म्हटलं, "त्यांस्नीच इचारा की." "ते कुठं आहेत?" "तकडं, बाप्यांच्या रांगंत." "अहो बाई, तिथं शेकडो बापे आहेत, मी कुणाला विचारू?" मी तिला गाव सांगितलं, तालुका सांगितला, अंगात खाकी कोट आहे आणि पायातला जोडा फाटलेला आहे हेही सांगितलं. सासऱ्याचं नाव विचारलं तर ते तरी कसं घेणार. शेवटी तिनं मला बाकावर बसवलं आणि दुसऱ्या बाईकडे वळली. आज हसू येतं, पण तेव्हा बोटीचा भोंगा झाला आणि मी बाकावरून उठून मधल्या जाळीशी धावले. जाळीतून बघते तर तुमचे चिरंजीव खांद्यावर ट्रंक घेऊन शिडी चढत होते. बायकांना दुसऱ्या शिडीनं वर नेतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

मी जाळीला धरून ओरडले, "अहोऽ!" पाच-सहा जण वळले, आमचे सोडून. पुन्हा ओरडले, तर आणखी चार वळले. धक्क्यावर सगळेच कुणाचे ना कुणाचे 'अहो'. मग माझ्या तोंडून काय निघालं ते मला निघाल्यावर कळलं. त्यांचं नाव निघालं, तुमच्यासारखं ओढून, तुमच्यासारखं थांबून, शेवटी 'रं' लावून. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर पहिल्यांदा.

ते वळले, आत्याबाई. अर्ध्या शिडीवर, मागच्या माणसांना धक्का देत, ट्रंकेसकट वळले. आणि त्यांचा चेहरा असा झाला होता, जसा मी कधी पाहिला नव्हता. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या डोक्यावरून, मागच्या गर्दीत, तुमचं हिरवं लुगडं शोधत होते. मग मी दिसले, आणि चेहरा रोजच्यासारखा झाला. धावत आले, नर्सला कागद दाखवले, मला सोडवलं. शिडी चढताना म्हणाले, "तू मारलीस व्हय हाक? मला वाटलं आईच आली. अक्षी तिच्यावाणी मारलीस." कौतुकानं म्हणाले. इथं बायको धक्क्यावर मागे राहायची पाळी आली होती आणि यांना आई दिसत होती!

बोटीवर तुमच्या गुळानं उरलासुरला दावा साधला. आम्हांला जागा मिळाली ती इंजिनाच्या भिंतीला लागून, त्या उष्णतेनं ढेप पाघळली आणि ट्रंकेतल्या कोटात, धोतरात, माझ्या ठेवणीतल्या चोळीत मुरली. समुद्रावर मुंग्या कुठून आल्या देव जाणे, पण आल्या. खारट पाण्यात साबणाला फेस येईना. मी कोट घासत बसले होते आणि हे कोटाची बाही चाटून म्हणाले, "लय ग्वाड हाय बघ." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्यांना वाटलं, मला बोट लागली.

तिकडच्या दुसऱ्या पावसाळ्यात तुम्ही गेल्याची बातमी आली, तुम्ही गेल्यावर महिन्यानं. हे क्वार्टरच्या पायरीवर बसून लहान पोरासारखे रडले. मी पाठीवरून हात फिरवत होते आणि माझ्या मनात काय आलं सांगू? माझ्यामागं हे असं रडतील का, हे आलं. मेलेल्या माणसाचा हेवा करणारी मी एकटीच असेन.

आता आम्ही सांगलीत धाकट्या मुलाकडे असतो. कारखान्यातल्या हातोड्यांनी यांचे कान गेले. 'अहो' तर मुळीच पोचत नाही. नातसून नवऱ्याला खुशाल नावानं बोलावते, आणि तो येतोही. मला तिचाही हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू. मागच्या उन्हाळ्यात ताट वाढून हाका मारून मारून दमले, घरात कुणी नाही असं बघितलं आणि तुमची हाक मारली. अंगणातल्या खुर्चीवरून हे उठून आले. आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. तेव्हापासून रोज जेवायला तीच हाक. रोज आधी दार, मग मी. आणि मी रोज भाकरी वाढताना मनातल्या मनात तुमच्याशी भांडते.

हे पत्र टाकणार तरी कुठं? तुम्हांला वाचताही येत नव्हतं, ज्याला वाचून दाखवायला सांगावं तो तुमचाच लेक. तेव्हा राहू दे माझ्या उशीखाली. फक्त कालचं सांगायचं राहिलं. काल मी हाक मारली तर हे दाराकडे न बघता सरळ माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "वाढ." इतक्या वर्षांनी मला हवं होतं ते मिळालं. आणि आत्याबाई, दाराकडे मी बघितलं.