दाद कुणाकडे मागायची

ताई, तुला आणि आईला नमस्कार.

मी मजेत आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

पासपोर्ट अजून मालकाच्याच कपाटात आहे. पोलीस म्हणतात वकिलातीत जा, वकिलात म्हणते पोलिसांकडे जा. हे आईला सांगू नकोस.

खोलीतला वेल्डर सह्या गोळा करतोय. म्हणे सगळ्या जगाचं एकच सरकार हवं, सगळ्यांनी मतं देऊन निवडलेलं. मला त्यात काहीतरी काळंबेरं वाटतंय. आम्ही मतं देऊन खोलीप्रमुख निवडला, तर त्याने पहिल्याच दिवशी खिडकीजवळची खाट पटकावली! मी वेल्डरला विचारलं, "त्या सरकारनेच नाडलं, तर दाद कुणाकडे मागायची?"

तो म्हणाला, "आत्ता कुणाकडे मागतोयस?"

मी सही केली नाही. पण कागदही परत दिलेला नाही.

तुझा संशयी धाकटा