फेऱ्यात राहिलेली हाक

प्रताप नगर, नागपूर
१२ नोव्हेंबर १९७९

प्रिय चंद्रभानदादा,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. अकरा महिन्यांनी तुझं अक्षर दिसलं. आईला वाचता येत नाही, तरी तिनं पाकीट किती वेळ हातात धरून ठेवलं. कलकत्त्याच्या हॉटेलात रोज वाजवतोस, दोन वेळचं जेवण तिथेच मिळतं, हे ऐकून तिला बरं वाटलं. तुझा पत्ता आता कुठे कळला. विजयादशमीला दीक्षाभूमीवरच्या गर्दीत गिटारची पेटी घेतलेला एक मुलगा दिसला, तर आई त्याच्यामागे थेट फाटकापर्यंत गेली होती.

ख्यालीखुशालीची ओळ वर लिहिलेली नाही. विसरले नाही. पुढे लिहिते.

आधी तुझं काम. टोकाला टोक जोडलेलं टेपचं ते कडं माझ्याजवळ नीट आहे, बिस्किटांच्या डब्यात, मऊ कापडात. तू लिहिलंस, 'मधला बाबांचा ओरडा कापून टाक, टोकं जोड आणि पाठव. कार्यक्रमात त्यावर वाजवायचं आहे.' मी ब्लेड घेऊन बसले होते, दादा. दोनदा. पण तो ओरडा कापला की ठेका लंगडा होतो. फेरा पुरा व्हायच्या आत पुन्हा सुरू होतो. आणि न कापता पाठवलं, तरी तू त्यावर नवे सूर भरशील. रेकॉर्डरच्या पुसणाऱ्या हेडवर आपण सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद लावला आहे, म्हणून जुनं सगळं पुसत नाही. पण नव्या प्रत्येक थराखाली जुनं थोडं फिकं होतंच. हे तूच मला शिकवलंस. चार-पाच थरांत तो आवाज जाईल.

तो दिवस तुला आठवत असेल. खुर्चीवर रिकामी बाटली, तिच्याभोवती टेप, आणि टेप सैल पडू नये म्हणून माझं बोट. तू आधी ठेका भरलास, मग त्यावर जाड तारेचे सूर, मग वरची धून. खिडकीतून शेजारचे महादेवराव ओरडले, "वाजवणारा एक अन् आयकू येते तीन! बाकीचे दोघं कुठं लपवले गा?" आपण हसलो. बाबा नाही हसले. रेल्वेची नोकरी सोडून आल्याचं तू त्यांना सकाळीच सांगितलं होतंस. मला सा-रे-ग आणि अ-आ-इ एकाच ओसरीवर शिकवणारा माणूस तो. त्यांचं एकच म्हणणं होतं, "माणसाले माणसाची साथ पाहिजे. हे यंत्र तुयासाठी थांबते का?" आणि मग दारातून ते ओरडले, "चंद्रभान, बंद कर गा ते!" तेवढं टेपवर गेलं. संध्याकाळी तू गेलास.

जूनमध्ये बाबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. गाणाऱ्या माणसाची वाचा. भीमजयंतीला ज्यांचा आवाज लाउडस्पीकरशिवाय नाक्यापर्यंत जायचा, ते पाणी मागायलाही वाटी वाजवू लागले.

एकदा दुपारी मी कडं लावलं. मला त्यावर तुझी जुनी गिटार वाजवून बघायची होती, नुसती, रेकॉर्ड न करता. बाबांची डाव्या हाताची बोटं खाटेच्या पाटीवर ठेका धरू लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच डब्याकडे बोट दाखवलं. मग रोजचंच झालं. फेरा यायचा, त्यात त्यांचाच आवाज यायचा, आणि त्यांचे ओठ हलायचे. पण फक्त नावावर. 'बंद कर' आलं की ते तोंड मिटून घ्यायचे आणि पुढच्या फेऱ्याची वाट बघायचे.

आई वैतागायची. "काहून वं त्याइले तेच ते आयकवून राहिली? डोकं उठलं माझं." मी आवाज कमी करायचे. बाबा वाटी वाजवायचे.

सप्टेंबरात एका दुपारी मी दारात तांदूळ निवडत होते. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "कौशल्या, बंद कर वं तो टेप, भाकरी टाकून राहिली मी."

मी म्हटलं, "आई, टेप बंद आहे."

तवा तसाच ठेवून ती बाहेर आली. बाबा दाराकडे बघत होते. पुन्हा म्हणाले. जड, तुटक, पण सुरात. चंद्रभान.

त्यानंतर ते दुसरं काही बोलले नाहीत. १८ ऑक्टोबरला पहाटे झोपेतच गेले, दादा. तुला कळवायला आमच्याकडे पत्ता नव्हता. पुण्यानुमोदनाचा विधी झाला. लोक विचारत होते, मुलगा कुठे आहे. आई म्हणाली, "येऊन राहिला, रस्त्यात आहे."

म्हणून कडं कापलं नाही आणि पाठवतही नाही. मला माफ कर. कार्यक्रमासाठी दुसरं बनव. टेप आणि बाटली कुठेही मिळते.

हे ऐकायला तू इकडे ये. खुर्ची, बाटली जागच्या जागी आहेत. तुझ्या गिटारच्या तारा मी बदललेल्या नाहीत, फक्त पुसते. तू साथ कर. टेप मी धरीन. रेकॉर्डचं बटण मात्र कोणी दाबायचं नाही.

आईचा आशीर्वाद.

तुझी,
कौशल्या