मालवणचा तिसरा दिवस

वणी,
दि. १ डिसेंबर २०२४

आदरणीय दीपमालाताई,

सप्रेम जयभीम. तुम्ही आणि मोनू खुशाल असाल. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. थंडी पडली आहे, कापसाच्या गाड्यांनी रस्ता भरून जातो. संघदीप सकाळीच खाणीत ड्युटीवर गेला. मी आज पार्लर उघडलं नाही.

माझं पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. माझ्या अन् संघदीपच्या लग्नाला तीन वर्षं झाली, पण आपलं बोलणं फोनवर “मोनूला द्या” याच्यापुढे कधी गेलं नाही. फोनवर मी अडखळते, म्हणून कागद घेतला. घरी पाठवलं असतं तर मोनूनंच आधी फोडलं असतं, म्हणून तुमच्या आरोग्य उपकेंद्राच्या पत्त्यावर पाठवते आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मोनू आमच्यासोबत मालवणला आली, त्याबद्दल तुम्हाला कोणी धड सांगितलं नसेल. संघदीपला विचारलं तर तो म्हणतो, पाणी होतं अन् मासोळी होती. तर मी सांगते.

पहिले दोन दिवस आम्ही नुसते धावलो. हे पाहा, ते पाहा. वर्ध्याहून कुडाळपर्यंतच्या गाडीनं अंग आधीच आंबलेलं. तिसऱ्या दिवशी मोनूच म्हणाली, आज कुठंच घाई करायची नाही. मग सकाळी उशिरा उठलो, टपरीवर चहा घेतला आणि चिवल्याच्या किनाऱ्यावर चालत राहिलो. तिथं रापण ओढत होते. वीस-पंचवीस माणसं दोरी धरून जाळं ओढतात. मोनूनं विचारलं आणि तीही दोरीला लागली. जाळ्यात निघाले छोटे चंदेरी मासे आणि एक खेकडा. त्या लोकांनी तिला मूठभर मासे देऊ केले. आमच्याजवळ ना चूल ना तवा, तरी ती घेऊन आली. शेवटी एका मांजरीला घातले.

मग होडीनं किल्ल्यात गेलो. संघदीप जमिनीच्या पोटात काम करणारा माणूस, पण होडी हलली की त्यानं डोळे मिटले. मोनूनं त्याचा हात धरून ठेवला. “बाबा, झालं, आलाच किनारा,” असं म्हणत होती. समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याची विहीर आहे, ती पाहून तिनं तिथल्या माणसाला इतके प्रश्न विचारले की त्यानं विचारलं, ही कोणत्या शाळेची? तिनं सांगितलं, फुलसावंगीची.

दोन वाजता एका घरगुती खानावळीत जेवायला बसलो. चार टेबलं, मागं माड, वाढणारी एक म्हातारी बाई. सुरमई, तिसऱ्या म्हणतात ते शिंपले, भाकरी, सोलकढी. संघदीपला सोलकढी म्हणजे गुलाबाचं सरबत वाटलं, एका घोटात प्याला आणि मग तोंड वाकडं केलं. आम्ही खूप हसलो. मोनू हसली नाही. तिचं ताट तसंच होतं. मग ती उठून मागं गेली आणि थोड्या वेळानं तिनं मला हाक मारली.

ताई, इथपर्यंत मी सहज लिहीत आले. आता पेन चालत नाही.

तिला मासोळी बाधली नव्हती. तिला पाळी आली होती.

म्हातारीनं आपली आतली खोली उघडून दिली, गरम पाणी दिलं. पॅड माझ्या पिशवीत होतं. मी समजावून सांगायला लागले तर तिनं मला थांबवलं. म्हणाली, मावशी, मले माहीत आहे, आईनं चित्र काढून सांगितलं. तिनं सगळं नीट केलं. हात धुतले, केस सारखे केले. घाबरली नाही. मला माझी पहिली वेळ आठवली. माझ्या आईनं मला काहीच सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं मी मरते, आणि मी दिवसभर तुरीच्या शेतात लपून बसले होते. तुमची मुलगी लपली नाही. हे तुम्हाला ठाऊक असावं.

पण नंतर ती रडली. मी विचारलं, पोट दुखते काय? तर म्हणाली, “आई म्हणे, तो दिवस आला की मी सुट्टी टाकीन, आपण दोघीच यवतमाळले जाऊ, डोसा खाऊ. अन् तो दिवस इथंच आला. आईले सांगू नका मावशी. पुढच्या वेळी आईजवळ आलं की मी तिले सांगीन, पहिल्यांदाच आलं म्हणून.”

मी शब्द दिला.

संध्याकाळी तुमचा फोन आला. आवाज असा काहून येते, तुम्ही मोनूला विचारलं. मी तिच्या हातून फोन घेतला आणि म्हटलं, पोट दुखून राह्यलं, मासोळी बाधली असेल. तुम्ही संघदीपला काय काय बोललात ते मी बाजूला उभी राहून ऐकलं. बाहेरचं खाऊ घालता, पोरीकडे लक्ष नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. त्याला तेव्हा काही माहीत नव्हतं, अजूनही नाही. आता नाताळच्या सुट्टीत मोनूला पाठवणार नाही म्हणून तुम्ही कळवलंत. दोन दिवसांपासून तो डबा तसाच परत आणतो.

म्हणून मी शब्द मोडते आहे. पोरीला कळलं तर ती माझ्याशी बोलणार नाही, ते मला चालेल.

अजून एक आहे. मी खोटं बोलले ते सगळं मोनूसाठी नव्हतं. त्या दिवशी चार वाजता आम्ही दोघी वाळूवर बसलो होतो. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मला मूल नाही, होईल असं डॉक्टरही आता म्हणत नाहीत. मला वाटलं, हे आपल्याला मिळालं. तुमचं होतं आणि मला मिळालं, आणि मला बरं वाटलं. फोनवर तुमचा आवाज ऐकला तेव्हा मला ते द्यायचं नव्हतं.

आता दिलं. राग माझ्यावर काढा, तिच्या बापावर नको.

बबिता

*

फुलसावंगी,
दि. ८ डिसेंबर २०२४

बबिता,

जयभीम. पत्र मिळालं. लसीकरणाचा दिवस होता, बाहेर बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. औषधाच्या खोलीत उभ्यानंच वाचलं.

मला त्याच संध्याकाळी समजलं होतं. पंधरा वर्षं नर्स आहे. मासोळी बाधलेली पोर फोनवर इतकं सांभाळून बोलत नाही. ती माझीच विचारपूस करत होती, आई जेवली काय, आई एकटीच आहेस काय. तेव्हाच मी ओळखलं. संघदीपला बोलले ते मासोळीसाठी नाही. माझ्या पोरीचा तो दिवस माझ्याशिवाय गेला आणि तुम्ही कोणीच मला सांगत नव्हता, म्हणून बोलले. त्याला माझ्या वतीनं सांगा.

महिना झाला, मी वाट पाहत होते, दोघींपैकी कोण सांगते. मोनूनं अजून सांगितलं नाही. पण ती असं काहून करते हे मला तुमच्या पत्रातून कळलं. मला वाटत होतं तिला मी परकी झाले. पत्र वाचलं त्या रात्री खूप दिवसांनी झोप लागली.

तिला काही विचारू नका, मीही विचारत नाही. तिला पहिल्यांदा सांगायचं आहे तर मी पहिल्यांदाच ऐकीन.

वाळूवरचं तुम्ही लिहिलं ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाटलं, ती तिथं एकटी असती तर?

चोवीस तारखेला दुपारून शाळा सुटते. तिच्या बापाला मी नेहमी फाट्यावरच थांबवते. या वेळी त्याला पाठवू नका. तुम्ही या, घरी या. मी भाकरी टाकीन. जेवा, आणि मग तिला घेऊन जा.

मोनूची आई,
दीपमाला